अडीच वाजताची नोंद

आप्पांना भेटायला आलेला प्रत्येक जण निघताना एक वाक्य हमखास म्हणायचा. ‘शेवटी घरच्यांच्या हातची सर कुणाला नाही यायची.’ म्हणणारे बहुतेक जण तेव्हा दारात उभे राहून चपलेत पाय सरकवत असायचे. आई मान हलवायची, मीही हलवायचो. २०२२ च्या जानेवारीत माझ्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. हॉस्पिटलमधून सुटल्यावर ते पुढचे चौदा महिने आमच्या साताऱ्याच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर होते. माझं काम तेव्हा घरूनच चालायचं, त्यामुळे रात्रपाळी आपसूक माझ्याकडे आली. दिवसा ब्युरोकडून एक मामा यायचे.

ते वाक्य मला आता बरंचसं खोटं वाटतं. आणि ज्या कारणाने ते खोटं आहे, ते कारण मला नैतिक वाटतं, निव्वळ तांत्रिक नाही. ते का, हे मांडायचा हा प्रयत्न आहे.

पहिल्या रात्रीपासून सुरू करतो. आप्पा उशीवरून खाली घसरले होते. मी मागून त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि वर ओढलं. झटक्यानंतर त्यांचं बोलणं अडखळत होतं, पण त्या वेळची त्यांची किंकाळी अगदी स्वच्छ होती. लुळ्या बाजूच्या खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात, तिथे ओढलं की सांधा जागेवरून सरकू शकतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आप्पांवर माझं प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? शाळेत सोडायला, पोहायला शिकवायला, बारावीच्या निकालाच्या दिवशी माझ्याआधी कॉलेजात जाऊन उभे राहणारे तेच होते. पण ते सगळं प्रेम त्या रात्री माझ्या दोन हातांत उतरलं आणि त्यांच्या खांद्यावर जाऊन आदळलं.

शेजारच्या काकूंची भाची त्यांच्याकडे राहून जीएनएम करत होती. तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा, त्यातलं तिचं पहिलं वर्ष. पहिल्या वर्षाला नर्सिंग फाउंडेशन्स हा विषय असतो, तिच्या तोंडात मात्र ‘फंडामेंटल्स’. ती तिची प्रोसिजरची वही घेऊन आली. आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगवहीसारखीच ती होती. वर नाव, मग उद्देश, साहित्य, कृती, आणि प्रत्येक कृतीसमोर तिचं कारण. बेड मेकिंग. स्पंज बाथ. माऊथ केअर. बॅक केअर. बेडपॅन देणे. टीपीआर. मी वही चाळली आणि मनात म्हणालो, हे काय शिकायचं असतं? दात घासायला चार पानं?

शिकायचंच असतं, हे मला तासाभरात कळलं. बिछान्यातच अंघोळ घालायची तर सुरुवात डोळ्यांपासून, साबणाशिवाय, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने. दुसऱ्या डोळ्याला कापडाचा दुसरा कोपरा, म्हणजे एका डोळ्यातलं दुसऱ्यात जात नाही. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि गुप्तांगं सगळ्यात शेवटी, तेही पाणी बदलून. पूर्ण वेळ माणूस चादरीखाली. जो भाग धुतोय तेवढाच उघडा, तो धुऊन पुसून झाकला की पुढचा. दोघांनी मिळून वर सरकवायचं ते अंगाखालच्या आडव्या चादरीला धरून, माणसाला धरून नाही. भरवताना शक्य तेवढं ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घास चांगल्या बाजूला द्यायचा आणि नंतर लुळ्या गालात काही राहिलंय का ते बघायचं, कारण तिथे राहिलेला भात रात्री श्वासनलिकेत उतरू शकतो. भरवणाऱ्याने उभं राहायचं नाही, समोर बसायचं.

सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. आमच्या धंद्यात ह्याला स्टॅक म्हणतात, शेवटी आत गेलेलं आधी बाहेर येतं. मी मोठ्या उत्साहाने तिला ते समजावू लागलो. ती म्हणाली, ‘दादा, आजोबा बाहीत अडकलेत, आधी ते बघा.’

वहीतल्या प्रत्येक प्रोसिजरच्या सुरुवातीला तेच चार-पाच मुद्दे होते. हात धुणे. रुग्णाला आपलं नाव सांगणे. काय करणार आहोत ते सांगणे. पडदा ओढणे. मला वाटलं, हे सगळं कॉपी-पेस्ट केलेलं असणार. तसं ते होतंच. पण परीक्षेत पडदा ओढायचा राहिला तर मार्क जातात, असं ती म्हणाली तेव्हा मी थांबलो. म्हणजे लाज राखणं हे इथे स्वभावावर सोडलेलं नाही, ती कृतीतली एक पायरी आहे. माणूस बेशुद्ध असला तरी त्याला सांगूनच हात लावायचा, हेही त्यात आहे.

इथे एक प्रश्न उभा राहतो. परीक्षेत मार्क जातात म्हणून ओढलेला पडदा खरा आदर असतो का?

मायकेल स्टॉकर नावाच्या तत्त्वज्ञाचा १९७६ सालचा एक निबंध नीतिशास्त्राच्या वर्गांत बराच वाचला जातो. त्यात एक उदाहरण आहे. तुम्ही हॉस्पिटलात पडून कंटाळलेले आहात, एक मित्र पुन्हा भेटायला येतो. तुम्ही भारावून त्याचे आभार मानता. तो म्हणतो, तसं काही नाही, मी फक्त माझं कर्तव्य करतोय. आधी तुम्हाला तो विनय वाटतो, मग कळतं की तो खरंच तेवढ्याचसाठी आला आहे. आणि त्या भेटीतला जीवच निघून जातो. स्टॉकरचं म्हणणं असं की ज्या नीतीच्या सिद्धांतांत माणसाने माणसासाठी काही करण्याला जागा नाही, सगळं नियमासाठी किंवा सर्वांच्या भल्यासाठी, ते सिद्धांत कुठेतरी फाटलेले आहेत. मैत्री, प्रेम त्यांत बसत नाही.

मला हे उदाहरण पटायचं. आप्पांच्या पलंगापाशी चौदा महिने काढल्यावर एक गोष्ट खटकू लागली. स्टॉकरचा माणूस भेटायला आलेला आहे. भेटणं ही गोष्टच अशी आहे की तिच्यात भावना काढली तर काही उरत नाही. पण त्याच वॉर्डात त्याच वेळी कुणीतरी त्याच रुग्णाचं बेडपॅन काढत असणार. तिने ‘मी फक्त माझं काम करतेय’ म्हटलं तर त्यातून काय निघून जातं? माझ्या अनुभवाने काहीच जात नाही. उलट काहीतरी येतं.

काय येतं, ते मला मामांच्या अंघोळीने शिकवलं. सकाळी मामा आप्पांना स्पंज करायचे. आप्पा त्या वेळी गप्पा मारायचे, अडखळत, जमतील तशा. ऊस, पाऊस, कारखान्याची निवडणूक. मामा ‘हां आप्पा’, ‘खरंय आप्पा’ करत हात चालवत राहायचे. मामा आले नाहीत त्या दिवशी मी करायचो. तीच वही, तोच क्रम, तेच कोमट पाणी, चादर तशीच पांघरलेली. आणि आप्पा डोळे मिटून घ्यायचे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिटलेले. एकदा मी विचारलं, पाणी गरम लागतंय का? मान हलवली, नाही. डोळे उघडले नाहीत. ज्या नातवाला त्यांनी अंघोळ घातली होती त्याच्यासमोर उघडं होणं त्यांना सोसत नव्हतं, आणि त्यावर उपाय माझ्याकडे नव्हता, कारण अडचण मीच होतो. मामांच्या हातात आप्पांबद्दलचा इतिहास नव्हता. त्यांच्या स्पर्शाला कामापलीकडे अर्थ नव्हता, म्हणून तो सोसण्यासारखा होता. घरच्यांच्या हातची सर कुणाला येत नाही म्हणणाऱ्यांनी ते मिटलेले डोळे पाहिले नव्हते. ते पाहुणे होते, त्यांना चहा मिळायचा.

व्हर्जिनिया हेंडरसन ही अमेरिकी परिचारिका. तिने नर्सिंगची केलेली व्याख्या आपल्याकडच्या मुलीही पाठ करतात. तिचा आशय असा, की ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर जे त्या माणसाने स्वतःच स्वतःसाठी केलं असतं, ते त्याच्यासाठी करणं, आणि तेही तो लवकरात लवकर पुन्हा स्वतः करू लागेल अशा रीतीने. श्वास घेणं, खाणं-पिणं, मलमूत्र, झोप, कपडे इथपासून चौदा गरजांची तिची यादी आहे. मला त्या व्याख्येतली मोजपट्टी महत्त्वाची वाटते. तिथे ‘मला काय द्यावंसं वाटतं’ हा प्रश्नच नाही. आप्पा रोज दाढी करायचे, म्हणून दाढी रोज, आम्हाला कंटाळा आला तरी. आप्पांनी आपल्या नातवासमोर कपडे काढले नसते. मग मी काय करायला हवं होतं? मामांना रविवारचे जादा पैसे देणं हे त्याचं उत्तर होतं. ते आम्हाला चार महिन्यांनी सुचलं.

आता त्या नोंदीबद्दल.

हाड आणि गादी ह्यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, आणि तो भाग उपाशी मरू लागतो. बेडसोअर म्हणजे मुळात एवढंच. माकडहाड, टाचा, घोटे, खुबा, डोक्याची मागची बाजू. उपायही साधा: माणसाला स्वतः हलता येत नसेल तर आपण हलवायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेला नियम. हवेची गादी आणली म्हणून तो सुटत नाही, जरी दुकानदार तसं सुचवत असला. मी ह्यासाठी एक शीट बनवली. वेळ, कूस, पाठ पाहिली का, कातडी कशी आहे, कुणी केलं. रकाने रंगीत. वेळ उलटली की चौकट लाल व्हायची. मला तिचा अभिमान होता.

मार्चमधल्या एका रात्री आमचं रिलीज होतं. बाराच्या सुमारास मी आप्पांना उजव्या कुशीवरून पाठीवर घेतलं, उशा लावल्या, आणि शीटमध्ये साडेबाराची नोंद केली. तेव्हाच अडीचचीही करून ठेवली. ‘डावी कूस. पाठ पाहिली. ठीक.’ आणि खाली माझं नाव. मनात हिशोब असा होता की अडीचला उठेनच, पण तेव्हा अर्धवट झोपेत लॅपटॉप उघडायचा त्रास नको. टेस्ट लिहिण्याआधी ती पास झाल्याचं लिहून ठेवावं तसं. रिलीज पावणेदोनला संपलं. मी आडवा झालो आणि सहाला उठलो.

पाठीवर, एकाच जागी, साडेपाच तास. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. तिने शिकवलेली एक खूण आहे: बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर रक्त वाहतंय. लालचं लालच राहिलं तर इजा सुरू झाली. मी दाबलं. लालच राहिलं. आईने घाईने खोबरेल तेल आणलं आणि डागावर चोळायला सुरुवात केली, आणि तेही चुकीचंच होतं. लाल झालेल्या जागी चोळू नये, आत आधीच दुखावलेली कातडी आणखी फाटते. पूर्वी नर्सिंगमध्येही चोळायला सांगत, आता सांगत नाहीत. आईचे हात थरथरत होते. घरात सगळ्यांत जास्त प्रेम होतं ते त्याच क्षणी, आणि त्याच क्षणी ते सगळ्यांत जास्त निरुपयोगी होतं.

संध्याकाळी ती मुलगी आली. तिने डाग पाहिला, मग माझी शीट मागितली. वर-खाली केली. म्हणाली, ‘शीटवर तर सगळं बरोबर आहे.’ तिला शंका आली होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. मी गप्प बसलो. चार दिवसांनी कातडी सुटली. ती जखम भरायला सात आठवडे लागले.

आप्पा त्या जखमेने गेले नाहीत. वर्षभराने न्यूमोनियाने गेले. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यातला दिलासा मला माझाच ऐकू येतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, जे लिहिलं त्याचा आशय असा की रुग्णाला बेडसोअर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. आज इतकं सरसकट कुणी म्हणत नाही, काही जखमा सगळं करूनही होतात. पण तिच्या बोलण्यातला मुद्दा टिकून आहे: ज्याला आपण दुर्दैव म्हणतो त्यातला काही भाग कुणाच्या तरी न उठण्याचा असतो.

गांधींच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. सोळाव्या वर्षी ते आजारी वडिलांचे पाय चेपत बसायचे. एका रात्री काकांनी त्यांना मोकळं केलं, ते पत्नीच्या खोलीत गेले, आणि काही मिनिटांत नोकराने दार ठोठावलं. त्यांनी ती लाज आयुष्यभर बाळगली. मला हा प्रसंग कुणीतरी समजूत म्हणून वाचायला दिला होता. वाचून आधी बरं वाटलं, मग संशय आला. त्या प्रकरणात बापाचे पाय हळूहळू दिसेनासे होतात आणि मुलाचं मन तेवढं उरतं. माझ्या अपराधीपणाचंही तेच चाललं होतं. मी रात्री-रात्री स्वतःबद्दल विचार करत होतो. ड्रेसिंग कोण करत होतं? मामा आणि ती.

नोंदींबद्दल अजून थोडं. तिच्या फंडामेंटल्समध्ये मला सापडलेली एकमेव शिकवलेली लबाडी श्वास मोजण्याची आहे. नाडी मोजून झाली की मनगट सोडायचं नाही. बोटं तशीच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची, पूर्ण एक मिनिट. रुग्णाला वाटतं नाडीच चालू आहे. कारण श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. नाव सांगा, काम सांगा, परवानगी घ्या असं पानोपानी बजावणारी वही इथे म्हणते, सांगू नका. मला हे फार आवडलं. ही फसवणूक माणसाबद्दलचं खरं कळावं म्हणून आहे, आणि तिच्यात मोजणाऱ्याची सोय शून्य आहे, उलट एक मिनिट जास्त उभं राहावं लागतं.

दुसरी लबाडी वहीत नाही, ती वॉर्डात शिकायला मिळते. ‘आमच्याकडे सगळ्यांचा श्वास वीसच असतो,’ असं ती हसून म्हणाली होती. मिनिटभर उभं राहायला वेळ नसतो, वीस हा आकडा कुणाला खटकत नाही, म्हणून वीस. माझी अडीचची नोंद ह्याच कुळातली. जो माणूस बोलू शकत नाही त्याच्याबद्दल कागद बोलतो, आणि कागदाने एकदा ‘ठीक’ म्हटलं की त्याच्याकडे पुन्हा बघायचं कारण उरत नाही. नुसतं वळवायचं राहिलं असतं तर लाल चौकट दिसून आई तरी उठली असती. तिच्या फोनवरही ती शीट होती. मी नोंद करून त्यांच्याकडे बघण्याची दुसरी वाटही बंद केली.

पण वॉर्डातल्या सिस्टरला आणि मला एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. एक साधा हिशोब करू. तीस खाटांच्या वॉर्डात दहा जण स्वतः कूस बदलू शकत नाहीत असं धरा. एकाला वळवायला, पाठ बघायला, उशा लावायला, चादरीची सुरकुती काढायला दोन माणसांना सहा मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतला एक तास दोघींचा त्यातच जातो. रात्री वॉर्डात आहेतच दोघी. उरलेल्या तासात सलाईन, इंजेक्शनं, नवीन भरती, आणि ‘सिस्टर, जरा बघता का’. जो नियम पाळणं अशक्य करून ठेवलं आहे त्याची नोंद मात्र रोज पूर्ण मागायची, ही व्यवस्थाच खोट्या सह्या गोळा करते. तिथला दोष सही करणारीवर टाकणं सोपं आहे. माझ्याकडे मात्र एकच रुग्ण होता आणि फोनमध्ये गजर.

बेडसोअरबद्दल बोलताना अरुणा शानबाग ह्यांची आठवण टाळता येत नाही. त्या स्वतः परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला, साखळीने गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्याच रुग्णालयात. पिंकी विराणी ह्यांनी त्यांच्या वतीने केलेल्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो दयामरणाच्या चर्चेसाठी प्रसिद्ध आहे. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर बेडसोअर नव्हते, हीही गोष्ट त्या प्रकरणात पुढे आली. त्यावर मोठी चर्चा झाली नाही.

दोन तासांचा नियम धरला तर ३७ वर्षांत कूस बदलण्याच्या वेळा होतात एक लाख बासष्ट हजार. नेमक्या तितक्या वेळा तसं झालं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या जवळपास काहीतरी झालं असणार, आणि ते करणाऱ्यांतल्या कितीतरी जणी १९७३ साली जन्मलेल्याही नव्हत्या. अरुणा कशा हसायच्या, काय बोलायच्या, हे त्यांना माहीत नव्हतं. वृत्तपत्रांनी त्याला प्रेम म्हटलं, त्या परिचारिकांनीही म्हटलं, आणि त्यांना नाही म्हणणारा मी कोण? पण ते प्रेम बॅचमागून बॅच हस्तांतरित होऊ शकलं ते प्रोसिजरच्या रूपात. पाळी बदलताना ‘हिच्यावर प्रेम कर’ असं सांगता येत नाही. ‘चारला डावी कूस झाली, सहाला उजवी’ असं सांगता येतं. एक गोष्ट मान्य करायला हवी: एक संपूर्ण नर्सिंग वर्ग जिच्यामागे उभा आहे अशी ती एकच रुग्ण होती. शेजारच्या खाटांवर तसं असतंच असं नाही.

त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. कायद्याच्या भाषेत अरुणांचा ‘नेक्स्ट फ्रेंड’ कोण, म्हणजे त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाला, ह्यावर न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. ज्यांनी इतकी वर्षं रात्रंदिवस सांभाळलं त्यांनाच. वाचताना मला मनातून बरं वाटलं. भेटायला येणाऱ्यापेक्षा अंग पुसणाऱ्याचा शब्द मोठा. पण थोड्या वेळाने हेंडरसनची मोजपट्टी आठवली आणि मी अडकलो. शक्ती असती तर अरुणांनी स्वतः काय केलं असतं? हे अंग पुसणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. न दुखवता कसं वळवायचं हे हाताला शिकवता येतं. वळवत राहायचं की नाही, हा प्रश्न त्या हाताने सुटत नाही, आणि चांगल्या हाताला तसा भ्रम होण्याचा धोका जास्त. माझी भूमिका इथे लंगडी पडते, ती तशी आहे हे लिहून ठेवतो.

जोन ट्रॉन्टो ह्या अमेरिकी विदुषीने १९९३ च्या पुस्तकात काळजी घेण्यातल्या नैतिक घटकांत लक्ष देणं, जबाबदारी, प्रतिसाद ह्यांच्या बरोबरीने सक्षमता मोजली आहे. काम नीट येणं हा नीतीचा भाग, तंत्राचा नाही. मला हे पटतं. आपल्याकडे उलटं होतं. आपण ह्या सगळ्याला ‘सेवा’ म्हणतो, हात जोडतो, आणि सेवा म्हटली की शिकायला काही नाही, पगार वाढवायचं कारण नाही. मामा दिवसाचे बारा तास करायचे. ब्युरो त्यांच्या पैशांतून आपला वाटा काढून घ्यायची. ‘अहो, मामा म्हणजे अगदी घरच्यासारखे,’ असं आई सगळ्यांना सांगायची, मनापासून. त्यांना कुणी कधी वहीतला क्रम शिकवला नव्हता. बावीस वर्षांत ते बघून बघून शिकले होते, आणि चादर कधीही सरकू द्यायचे नाहीत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आलं, कोणाच्या नाही, आणि ‘घाण’ हा शब्द आपण माणसांना कसा चिकटवला, हा ह्याच प्रश्नाचा मोठा भाग आहे. तो मी इथे पेलू शकत नाही. पण डायपर बदलून हात धुताना मला पहिले काही दिवस जी किळस यायची, ती नुसत्या वासाची नव्हती एवढं मला कळत होतं.

किळस गेली कशी हेही सांगतो. प्रेमाने गेली नाही. क्रम पाठ झाल्यावर गेली. पुढे काय करायचं हे हाताला माहीत असलं की मनाला नाक मुरडायला जागा राहत नाही. मग एखाद्या दिवशी त्याच वेळात आप्पांकडे नीट बघायला फुरसत मिळायची. त्यांच्या पाठीवर एक जुना व्रण होता, लहानपणी बैलाने मारलेला. तो मला सव्वीसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसला, बॅक केअर करताना.

ती मुलगी आता स्टाफ नर्स आहे, पुण्याजवळ. मागच्या दिवाळीत काकूंकडे आली होती. मी तिला अडीचच्या नोंदीबद्दल सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग ती दुरुस्त केलीत का?’ मी म्हटलं, आता काय दुरुस्त करणार, आप्पा जाऊन इतके दिवस झाले. तर म्हणाली, रेकॉर्डमध्ये चूक झाली की खोडायची नाही, पांढरं लावायचं नाही, डिलीट तर नाहीच. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं. सही आणि तारीख.

त्या रात्री मी शीट उघडली. ड्राइव्हमध्ये ती तशीच होती, आप्पांच्या शेवटच्या दिवशीच्या रिकाम्या लाल चौकटींसकट. मार्चमधली ती ओळ शोधली, तिच्यावर रेघ मारली, शेजारी लिहिलं: ‘केलं नाही. झोपलो होतो.’ खाली नाव आणि त्या दिवशीची तारीख. त्याच आठवड्यात अजून दोन ओळी आहेत, पहाटे साडेचारच्या. त्या वेळी मी खरंच उठलो होतो की नाही, हे मला आठवत नाही. त्या तशाच ठेवल्या आहेत.